एका मार्काचं वाक्य

बारावीच्या वर्गाला मी सव्वीस वर्षं एक वाक्य शिकवत आले. स्त्रीच्या पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय असतं, आणि त्या आखडलेल्या गुणसूत्राचा जो ठिपका दिसतो त्याला बार बॉडी म्हणतात. एका मार्काचा प्रश्न. फळ्यावर गोल काढायचा, कडेला एक ठिपका द्यायचा, बाण काढून नाव लिहायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं. मुलं वहीत उतरवून घ्यायची, मी डस्टर फिरवायची.

त्याच सव्वीस वर्षांतली बावीस वर्षं माझी धाकटी बहीण ल्युपसने आजारी आहे. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत नऊ बायका असतात, हेही मला तितकीच वर्षं ठाऊक आहे. या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. कॉलेजातून स्कूटरवरून निघायचं, वाटेत केमिस्टकडून तिच्या गोळ्या घ्यायच्या, घरी यायचं. फळ्यावरचा तो ठिपका आणि पिशवीतल्या त्या गोळ्या यांच्यात अंतर असं काही नव्हतंच, पण मला ते ओलांडायला बावीस वर्षं लागली.

२००२च्या पावसाळ्यात तिला सुरुवात झाली. सकाळी उठलं की बोटं वळेनात. कपडे पिळता येईनात, गॅसचं बटण फिरवता येईना. तासाभराने हात मोकळे व्हायचे, मग ती कामाला लागायची, आणि दुपारी तिला दुखत होतं यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. मग सारखं तोंड यायला लागलं. कंगव्यात केसांचे पुंजके. अंगात कसकस. आमच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, बी कॉम्प्लेक्स दिलं. दुसऱ्यांनी हाडांचे फोटो काढून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "मुलीला काही टेन्शन आहे का? लग्नाचं वगैरे?" ती बावीस वर्षांची होती. आई घरी येऊन तिला म्हणाली, "तू जरा मन रमव बाई कशात तरी." मीही तेच म्हणाले होते. जीवशास्त्राची पदवी हातात असलेली मी, मीही.

चौदा महिन्यांनी गालांवर आणि नाकावर लाल चट्टे उठले, उन्हात गेली की आगीसारखे पेटायचे. पाय सुजले. लघवीत प्रोटीन सापडलं, मग पुण्यातल्या एका ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी तिची बोटं हातात घेऊन एकेक सांधा दाबून पाहिला, रक्ताच्या दोन तपासण्या सांगितल्या आणि आठवड्याभरात आजाराला नाव मिळालं. लॅटिनमध्ये ल्युपस म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडगा चावल्यासारखे दिसतात म्हणून जुन्या वैद्यांनी ठेवलेलं नाव. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, सांधे, त्वचा, मूत्रपिंड, जिथे सापडेल तिथे. धाकटीच्या मूत्रपिंडांपर्यंत ती पोचलेली होती.

आईने या सगळ्याचं कारण आपल्यापुरतं शोधून ठेवलं होतं. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या वेळी धाकटी पोटात होती. सासूने बजावूनही आईने त्या दुपारी विळीवर बसून मेथी चिरली होती, कारण वडील ऑफिसातून अर्ध्या दिवसाने येणार होते आणि त्यांना भाकरीबरोबर काहीतरी हवं होतं. "मी ग्रहण पाळलं नाही," एवढंच ती म्हणायची, आणि मग गप्प व्हायची. हे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. मी तिला खूपदा समजावलं, पण माझ्याकडे ग्रहणाच्या जागी ठेवायला दुसरं काही नव्हतं. 'कारण नक्की माहीत नाही' हे आईच्या मनातल्या मेथीच्या जुडीपुढे फारच हलकं पडायचं.

२०२४च्या फेब्रुवारीत स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग आणि डायना डाऊ यांच्या गटाचा शोधनिबंध आला. मी तो तीन रात्री वाचला. पहिल्या रात्री समजला नाही, दुसऱ्या रात्री समजला, आणि तिसऱ्या रात्री मी माझी बारावीची नोट्सची वही काढून ते एका मार्काचं वाक्य पाहत बसले.

त्या वाक्यामागची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण मी ती वर्गात कधीच पूर्ण सांगितली नाही.

१९४९ साली कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी युअर्ट बर्ट्रम मांजरांच्या चेतापेशी पाहत होते. चेतापेशीला चाळवलं की तिच्यात काय बदल होतात हा त्यांचा विषय. काही मांजरांच्या पेशींत केंद्रकात एक गडद ठिपका दिसे, काहींत दिसत नसे. नोंदी उलगडून पाहिल्या तेव्हा कळलं की ठिपकेवाल्या सगळ्या माद्या होत्या. तो ठिपका म्हणजे गुंडाळी होऊन बसलेलं एक्स गुणसूत्र आहे हे दहा वर्षांनी सुसुमु ओहनो यांनी दाखवलं. पण ते असं का बसलंय, याचं उत्तर १९६१ साली इंग्लंडमधल्या हारवेलच्या मेरी लायन यांनी दिलं. त्या उंदरांच्या अंगावरचे रंगांचे पट्टे बघत होत्या. याच मेरी लायन केंब्रिजला शिकल्या त्या वेळी तिथे बायकांना पूर्ण पदवी मिळत नसे. परीक्षा तीच, अभ्यास तोच, हातात नावापुरती पदवी. १९४८ साली तो नियम बदलला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. वाय अगदी छोटं, त्यावर मोजकी जनुकं. एक्सवर आठ-नऊशे. स्त्रीच्या दोन्ही एक्सनी काम केलं तर तिच्या पेशीत त्या सगळ्या जनुकांचा डोस दुप्पट होईल, आणि तो गर्भाला झेपणारा नाही. म्हणून अगदी सुरुवातीला, गर्भ म्हणजे पेशींचा एक पुंजका असतो तेव्हाच, प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक मिटवून ठेवते. कुठल्या पेशीने आईकडून आलेला मिटवायचा आणि कुठल्या पेशीने वडिलांकडून आलेला, याला काही नियम नाही, जसं पडेल तसं. पण एकदा ठरलं की त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नाती तेच पाळतात. त्यामुळे बाईचं शरीर म्हणजे वाकळ. आईच्या लुगड्याचा एक तुकडा, वडिलांच्या धोतराचा एक तुकडा, आणि कुठला कुठे लागेल ते शिवणारीलाही माहीत नाही.

ही वाकळ एरवी दिसत नाही. एका आजारात मात्र दिसते, आणि तो आजार आपल्याच बाजूला नोंदला गेलेला आहे. १८७५ साली डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू घराण्याबद्दल लिहून ठेवलंय. चार पिढ्यांत दहा पुरुष असे, की त्यांना दात मोजकेच, अंगावर केस विरळ, आणि उन्हाळ्यात कोरड्या कातडीने हैराण. लेकींना काही होत नसे, पण त्यांच्या मुलांत ते उतरे. आज आपल्याला माहीत आहे की हा एक्सवरच्या एका जनुकाचा दोष आहे आणि त्या पुरुषांना घामच येत नाही. त्यांच्या आयाबहिणींच्या पाठीला आयोडीन आणि स्टार्च लावून घाम येऊ दिला तर घामाचे आणि बिनघामाचे पट्टे उमटतात. ज्यांना 'काही होत नसे' त्या बायकांच्या पाठीवर सगळी हकीकत लिहिलेली होती, कुणी पाहिली नव्हती एवढंच.

आता मिटवणं म्हणजे काय ते. मी वर्गात 'बंद होतं' असं म्हणायची, दिव्याचं बटण बंद केल्यासारखं. १९९१ साली एका जनुकाचा शोध लागला, त्याचं नाव एक्झिस्ट. हे जनुक त्या मिटलेल्या एक्सवरूनच काम करतं, बाकी जवळजवळ सगळं गप्प असताना ते चालू असतं. त्यातून सतरा हजारांच्या आसपास अक्षरांचा एक लांबच लांब आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, तयार होतो. त्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही. तो आरएनए ज्या गुणसूत्रातून निघतो त्यालाच वेढून बसतो, त्याच्याभोवती प्रथिनं गोळा करतो, आणि त्या सगळ्यांनी मिळून ते गुणसूत्र दाबून धरलेलं असतं. चँग यांच्याच प्रयोगशाळेने २०१५ साली ही प्रथिनं मोजली होती. ८१ भरली. आणि हे एकदा करून संपत नाही. ती स्त्री जिवंत आहे तोवर पेशी-पेशीत एक्झिस्ट तयार होत राहतं.

मी 'निष्क्रिय' हा शब्द वापरत होते. आमच्याकडे जनगणनेचे गुरुजी आले की वडील आईबद्दल सांगायचे, "काही करत नाही, घरीच असते." आई आत भाकऱ्या थापत असायची. वडील वाईट नव्हते, त्यांना ते काम दिसतच नसे. मलाही दिसत नव्हतं. पाठ्यपुस्तकात होता तोच शब्द मी पुढे दिला, पण सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईने एकदा तरी थांबून विचारायला हवं होतं की गप्प बसवण्याचं हे काम कोण करतं, कशाच्या जोरावर करतं.

वर्गात एका मुलीने विचारलं होतं तसं. मागच्या बाकावरून, हात वर न करताच. "मॅडम, एक बंदच करायचा तर दोन दिलेत कशाला?" वर्ग हसला. मी म्हणाले, परीक्षेला येत नाही.

आता त्या निबंधाकडे येते. पेशी मरतात, रोज मरतात, आणि फुटल्या की आतला ऐवज बाहेर सांडतो. बाईच्या पेशीतून सांडणाऱ्या ऐवजात एक्झिस्ट आणि त्याला चिकटलेल्या प्रथिनांचा हा गुंता असतो. पुरुषाच्या पेशीत तो नसतो. एवढा मोठा, चिकट, गुंतागुंतीचा ऐवज प्रतिकारशक्तीच्या पहारेकऱ्यांच्या हाती लागला तर त्यांना तो परका वाटू शकतो. चँग यांच्या लक्षात आलं होतं की ८१ च्या यादीतली काही नावं त्यांनी आधी ऐकलेली आहेत: ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेल्या, रुग्णांच्या रक्तात ज्यांच्या विरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडतात, तीच ही प्रथिनं. मग त्यांनी नर उंदरांत एक्झिस्ट घातलं, पण त्याचा गुणसूत्र मिटवणारा भाग काढून टाकून. म्हणजे काहीही गप्प होणार नाही, फक्त तो आरएनए आणि त्याची प्रथिनं नराच्या पेशीत जमतील. त्या नरांना ल्युपससारखा आजार जडवणारं एक रसायन टोचलं. साध्या नरांना आजार बेताचाच झाला. एक्झिस्टवाल्या नरांना माद्यांइतका झाला.

हॉर्मोन मादीचे नव्हते. दुसरा एक्स नव्हता. फक्त ते झाकण्याचं सामान होतं.

हे वाचून मी उठून घरभर फिरले. रात्रीचे दीड वाजले होते, कुणाला सांगणार.

पण हेही सांगायला हवं, कारण अर्ध्या वाचनावर लोक लगेच निकाल लावतात. उंदरांच्या ज्या जातीत आजाराकडे मुळातच कल आहे त्याच जातीत हे घडलं. दुसऱ्या काटक जातीत एक्झिस्ट घालूनही विशेष काही झालं नाही. आणि टोचायचं रसायन लागलंच. म्हणजे जमीनही हवी, ठिणगीही हवी. जगातल्या सगळ्या बायकांच्या पेशींत एक्झिस्ट आहे आणि बहुतेकींना ल्युपस होत नाही.

शिवाय हा एकच धागा नाही. एक्सवर टीएलआर-७ नावाचं जनुक आहे, विषाणूंचा आरएनए हुंगणारं. फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की बायकांच्या काही प्रतिकारपेशींत हे जनुक मिटवलेल्या एक्सवरूनही निसटतं, चालूच राहतं. म्हणजे त्या पेशीत पहारेकरी दोन. २०२२ साली कॅरोला विनुएसा यांच्या गटाला एका स्पॅनिश मुलीत याच जनुकातला एक बदल सापडला; तो उंदरात घातल्यावर उंदरांना ल्युपस झाला. आणि पेनसिल्वेनियातल्या माँत्सेरात अँग्वेरा यांनी पाहिलं की विश्रांती घेणाऱ्या प्रतिकारपेशींत एक्झिस्टचं पांघरूण सुटून पडलेलं असतं आणि पेशी जागी झाली की परत ओढलं जातं. नेमक्या याच पेशींत पांघरूण ढिलं असावं!

ज्या पुरुषांना जन्मतः दोन एक्स आणि एक वाय असतो, क्लाइनफेल्टर म्हणतात त्यांना, त्यांच्यात ल्युपसचं प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट, जवळजवळ बायकांइतकं. उलट टर्नरमध्ये, जिथे मुलीला एकच एक्स असतो, तिथे ल्युपस क्वचित. हिशोब जुळला असं वाटतं ना? पण त्याच टर्नरच्या मुलींमध्ये थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार जास्त आढळतो. तो आजार मलाही आहे, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. तेव्हा एका किल्लीने सगळी कुलुपं उघडत नाहीत, आणि मला ते मान्य आहे.

वाकळीची दुसरी बाजूही मला धाकटीला सांगायची होती. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या शोधाला मिळालं त्यात अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेतली उंदरांची एक जात आहे. तिच्यातली नर पिल्लं खवल्याखवल्यांच्या कातडीची, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने काही आठवड्यांत मरणारी. दोष फॉक्सपी-३ नावाच्या जनुकात. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी त्याच्याशिवाय घडत नाहीत, आणि हे जनुकही एक्सवरच. त्यांच्या आयांकडेही तोच दोष असतो, पण त्या ठणठणीत, कारण त्यांच्या वाकळीत चांगल्या एक्सच्या पेशी आहेत आणि आवर घालण्याचं काम त्याच उचलतात. जी रचना एकीकडे आजाराला वाट देते, तीच दुसरीकडे जीव राखते. त्या मागच्या बाकावरच्या मुलीला हे उत्तर देता आलं असतं मला. ती आता कुठे असेल कोण जाणे.

आमच्या मावशीचाही इथे उल्लेख हवा. इंदापूरजवळ राहायची, गोधड्या शिवायची, आणि पस्तिशीतच तिच्या बोटांची वेडीवाकडी मुळं झाली. 'वात' म्हणून सोडून दिलं सगळ्यांनी. तिथून जवळच भिगवणला १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी गावात घरोघर जाऊन चार हजारांवर माणसांना सांधेदुखीबद्दल विचारलं. हजारात पाचांना आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस सापडला. या आजारात साधारण तीन बायकांमागे एक पुरुष असतो. कुणीतरी उंबऱ्यापर्यंत येऊन बायकांना विचारलं, कुठे दुखतं, किती दिवसांपासून, सकाळी बोटं किती वेळ आखडतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मावशीचं गाव दहा-बारा मैल अलीकडे होतं.

धाकटी आज पंचेचाळीस वर्षांची आहे. मूत्रपिंडं सांभाळून आहेत. स्टेरॉइडने चेहरा सुजला, उतरला, पुन्हा सुजला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी ती रोज घेते आणि दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून येते. मार्च २०२०मध्ये ती गोळी करोनावर चालते असा गवगवा झाला आणि दुकानांतून एका आठवड्यात नाहीशी झाली, तेव्हा मी अकरा केमिस्टांकडे फिरले होते. एकाने मागच्या कपाटातून दोन पाकिटं काढून दिली, म्हणाला, "ताई, तुमच्या बहिणीसाठी ठेवली होती." त्याचे उपकार मी विसरणार नाही.

मी तिला निबंधाबद्दल सांगितलं ते तिच्या स्वयंपाकघरात. ती शेंगा सोलत होती, हल्ली सोलू शकते. सगळं ऐकून तिने एकच विचारलं.

"हे एक्स मिटायचं कधी होतं म्हणालीस?"

"पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. गर्भ डोळ्याला दिसणारही नाही इतका असतो तेव्हा."

तिने बोटांवर मोजलं. तिचा जन्म ऑगस्टचा. "म्हणजे नोव्हेंबरात. ग्रहण फेब्रुवारीत होतं." शेंगांची टरफलं तिने एका बाजूला सारली. "आईला सांगायला हवं होतं गं, ताई."

आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

तिची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. गेल्या दिवाळीपासून तिचा गुडघा अधूनमधून दुखतो. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतो आणि बोलत नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय की बाकी काही लक्षण नसताना रक्ततपासणी करू नका. ठणठणीत माणसांतही ती कित्येकदा पॉझिटिव्ह येते आणि उगाच घोर लागतो. त्यामुळे तपासणी केलेली नाही. भाचीला मात्र मी शिकवते तो ठिपका पाहायचा होता. एका शनिवारी, कॉलेजला सुट्टी असताना, मी दोघींना प्रयोगशाळेत घेऊन गेले. भाचीने स्वतःच टूथपिकने गालाच्या आतून खरवडलं, काचेवर पसरलं, मी ॲसिटो-ऑर्सिन घातलं. सगळ्या पेशींत तो दिसत नाही, शोधावा लागतो. वीस-पंचवीस पेशी गेल्या. मग एकीत, केंद्रकाच्या अगदी कडेला, भिंतीला पाठ लावून बसल्यासारखा.

भाचीने पाहिलं, फोन लेन्सला लावून फोटो काढला आणि बाहेर गेली. मग धाकटी स्टुलावर बसली. चष्मा काढला. पहिल्यांदा तिला काहीच दिसेना, मी तिचं बोट धरून फोकसच्या चाकावर ठेवलं. ते चाक बारीक आहे, तिच्या बोटांना जड जातं, पण तिने स्वतःच फिरवलं.

"एवढासा?" ती म्हणाली.

"एवढासाच."

"आणि हे सगळं धरून बसलेलं असतं, झोपेतसुद्धा?"

"झोपेतसुद्धा."

ती पाहत राहिली. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात आला, त्याला मी हातानेच थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने मी दिवा बंद करायला हात पुढे केला, तर डोळा न काढताच तिने माझं मनगट धरलं.